शाळेचे क्वारंटाइन आणि आपले घर : गोवराच्या साथीत अमेरिकेतील मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या दसऱ्याच्या दिवशी, साउथ कॅरोलायनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने राज्याच्या वायव्य भागात गोवराचा उद्रेक झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर आठवडाभरातच स्पार्टनबर्ग काउंटीतील दोन शाळांमधील लस न घेतलेल्या दीडशेहून अधिक मुलांना २१ दिवस घरी थांबण्यास सांगण्यात आले. त्याच वर्षी जानेवारी ते ऑगस्ट या काळात पश्चिम टेक्सासमध्ये ७६२ जणांना गोवर झाला होता आणि त्यात दोन मुलांचा मृत्यू झाला होता. ज्या देशाने २००० साली गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले होते, तेथे २०२५ मधील रुग्णसंख्या १९९२ नंतरची सर्वाधिक ठरली.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून शाळकरी मुलांसह अमेरिकेत आलेल्या कुटुंबांना या काळात जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नियम राज्यागणिक आणि काही वेळा काउंटीगणिक बदलतात; त्यामुळे येथील माहिती आणि स्थानिक आरोग्य विभागाचे लेखी पत्र यांत फरक आढळल्यास त्या पत्राप्रमाणे वागावे.

आम्ही मुलाला सगळ्या लसी वेळेवर दिल्या आहेत. तरीही त्याला घरी का बसवले?

कारण ‘सगळ्या लसी’ या शब्दांचा अर्थ दोन्ही देशांत एक नाही. आपल्याकडील सरकारी वेळापत्रकाप्रमाणे गोवर-रुबेला म्हणजेच एमआर लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. अमेरिकेत गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्ही रोगांवरची एमएमआर लस देतात. तिचा पहिला डोस १२ ते १५ महिन्यांना आणि दुसरा ४ ते ६ वर्षांच्या वयात असतो. मुख्य म्हणजे, पहिल्या वाढदिवसाआधी टोचलेला डोस येथे मोजतच नाहीत. फार तर चार दिवसांची सूट मिळते. त्यामुळे सरकारी दवाखान्यात दोन्ही डोस अगदी वेळेवर घेतलेल्या मुलाच्या नावावर येथील नोंदीत गोवराचा एकच डोस उरतो आणि गालगुंडाचा एकही उरत नाही.

खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआरचे तीन डोस आहेत : ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे. तिसरा डोस झाला असेल, तर पहिला बाद होऊनही दोन शिल्लक राहतात आणि काम भागते. परंतु मूल चार-पाच वर्षांचे असतानाच अनेक कुटुंबे अमेरिकेला येतात, आणि घर आवरणे, व्हिसा, शाळाप्रवेश या धांदलीत नेमका हाच डोस राहून जातो. शाळा तात्पुरता प्रवेश देते, ‘राहिलेला डोस पुढे पाहू’ असे घरात ठरते, आणि साथ आली की त्या तात्पुरत्या प्रवेशाची मुले घरी पाठवण्याच्या यादीत सर्वांत वर असतात.

साथीच्या वेळी शाळा मुलाची प्रकृती पाहत नाही, त्याचा कागद पाहते, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अनेक पालकांना यात अपमान वाटतो; लसीला विरोध करणाऱ्यांच्या रांगेत आपल्याला उभे केले, अशी त्यांची तक्रार असते. ती समजण्यासारखी आहे. पण शाळेच्या नर्सपुढे असलेल्या यादीत ‘लस नाकारली’ आणि ‘लसीचा पुरावा नाही’ हे दोन्ही रकाने एकाच पत्राकडे नेतात.

म्हणजे भारतातील लस कमी दर्जाची मानली जाते का?

नाही. फरक लसीच्या दर्जाचा नसून वयाचा आहे. आईकडून बाळाला मिळालेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) वर्षभर हळूहळू कमी होत जातात आणि ती शिल्लक असताना लस पूर्ण काम करत नाही. ९ महिन्यांना दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण देतो, तर वर्षानंतर दिलेला त्याहून बराच अधिक मुलांना देतो. भारतात गोवर लहान बाळांपर्यंत पोहोचण्याची शक्यता मोठी असल्यामुळे वाट पाहणे परवडत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, जी साथ आली तिने हे पुन्हा दाखवून दिले. अमेरिकेत रोग जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे वर्षभर थांबणे शक्य होते. आपापल्या परिस्थितीत दोन्ही वेळापत्रके बरोबर आहेत. अडचण होते ती एका वेळापत्रकातून दुसऱ्यात आलेल्या मुलाची.

कार्डावर दोन्ही डोसांची नोंद आहे, तरीही शाळेने ती मान्य केली नाही. असे का होते?

पहिला संशय तारखेवर घ्यावा. समजा, मुलाचा जन्म २० जून २०२० चा आहे आणि कार्डावर एमआरच्या दुसऱ्या डोसपुढे ०५/११/२०२१ असे लिहिले आहे. आपल्या दृष्टीने ही ५ नोव्हेंबर, म्हणजे मूल साडेसोळा महिन्यांचे असतानाची तारीख. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे शाळेतील कारकून ती ११ मे अशी वाचतो. त्या दिवशी मूल वर्षाचेही झालेले नव्हते, म्हणून संगणक तो डोस नाकारतो. ही चूक एका फोनवर सुटते, पण ती कोणी शोधली तरच.

दुसरे कारण नावाचे. बारशाआधी दिलेल्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ असे लिहून आईचे नाव असते, कधी आईचे माहेरचे आडनाव असते, आणि पासपोर्टवर मात्र मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सगळे असते. अशा वेळी कार्डासोबत जन्मदाखल्याची प्रत द्यावी. तिसरे कारण भाषेचे आणि अक्षराचे. सरकारी माता व बाल संरक्षण कार्ड मराठीत असते आणि खासगी दवाखान्याच्या पुस्तिकेत डॉक्टरांचे अक्षर वाचता येत नाही. येथील बालरोगतज्ज्ञांकडे मूळ कार्ड घेऊन जावे, प्रत्येक डोसची तारीख महिन्याचे नाव अक्षरांत लिहून त्यांच्याकडून राज्याच्या अधिकृत फॉर्मवर उतरवून घ्यावी आणि तोच फॉर्म शाळेला द्यावा. शाळा आपले कार्ड स्वतः वाचून अर्थ लावील, ही अपेक्षा ठेवू नये.

कार्ड भारतातच राहिले आहे किंवा हरवले आहे. आता काय करावे?

घरी कोणी असेल तर कपाटातील फाइल शोधायला सांगावी आणि प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो मागवावा. दवाखान्यात जुन्या नोंदी ठेवलेल्या असतील तर डॉक्टरांकडून शिक्क्यासह तारखांचे पत्र मिळते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली होती. ज्यांची मुले तेव्हा त्या वयात होती, त्यांनी शाळेत किंवा अंगणवाडीत मिळालेली मोहिमेची पावती जरूर शोधावी, कारण आधीचे डोस झाले असले तरी मोहिमेत वेगळा डोस दिला जात होता आणि अनेक घरांत त्याचा विसर पडला आहे. गोव्यात ही मोहीम २०१७ मध्येच झाली.

कागद मिळालाच नाही तर दोन मार्ग उरतात : रक्त तपासून गोवराची प्रतिपिंडे पाहणे किंवा लस पुन्हा घेणे. तोंडी सांगितलेला इतिहास कोठेही चालत नाही. ‘लहानपणी गोवर येऊन गेला’ हे आजीचे म्हणणे कितीही खरे असले तरी चालत नाही. आमच्या मते साथ नसताना आणि वेळ हाताशी असताना लस पुन्हा घेणे हा सरळ मार्ग आहे. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या मुलाला जास्तीचा डोस अपाय करत नाही, शिवाय एमएमआरमुळे गालगुंडाचा राहिलेला डोसही होऊन जातो. विमा नसेल तर १९ वर्षांखालील मुलांना लहान मुलांच्या लसीकरणाच्या केंद्रीय योजनेतून लस मिळते, आणि ती कोठे मिळेल हे काउंटीचा आरोग्य विभाग सांगतो.

शाळेचे पत्र आज संध्याकाळी आले. सर्वांत आधी काय करायचे?

पत्रात मुलाच्या शेवटच्या संपर्काची तारीख शोधावी. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत एमएमआर दिल्यास रोग टळू शकतो आणि अशा मुलाला सहसा शाळेत परत घेतात. पत्र हाती येईपर्यंत ही मुदत बहुधा संपत आलेली किंवा संपलेली असते, म्हणून सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. सहा दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन देता येते, परंतु ते मुख्यतः तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांसाठी असते. ते दिल्यास रोग उशिरा उमटू शकतो, म्हणून देखरेखीचा काळ २१ ऐवजी २८ दिवसांचा होतो.

ज्या मुलाचा एक डोस मान्य झालेला आहे आणि त्या डोसनंतर किमान २८ दिवस गेलेले आहेत, त्याला दुसरा डोस लगेच दिला तर अनेक ठिकाणी तत्काळ शाळेत बसू देतात. आपल्याकडून आलेली बरीच मुले नेमकी याच गटात मोडतात. ‘आता क्वारंटाइन लागलेच आहे, लस नंतर पाहू’ असे म्हणणारे पालक येथे तीन आठवडे विनाकारण घालवतात.

२१ दिवस कसे मोजतात?

शेवटच्या संपर्काचा दिवस शून्य धरून पुढचे २१ दिवस. पत्र मिळाल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, त्यामुळे पत्र येईपर्यंत चार-सहा दिवस सरलेले असू शकतात. गोवराचे पुरळ साधारणपणे संपर्कानंतर १४ दिवसांनी उठते, पण ते ७ ते २१ दिवसांत केव्हाही उठू शकते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना रोग देऊ शकते, म्हणूनच ठणठणीत दिसणाऱ्या मुलाला घरी ठेवतात. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहापैकी नऊ जणांना लागण होऊ शकते. वर्गात दुसऱ्या कोपऱ्यात बसत होतो, हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही.

एकदा क्वारंटाइन पूर्ण केल्यावर पुन्हा येऊ शकते का?

होय. नवा रुग्ण निघाला आणि नवा संपर्क झाला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. साउथ कॅरोलायनात काही मुलांवर ही वेळ दोनदा आली.

एक मूल घरी असताना दुसऱ्याने शाळेत जावे का? आम्ही कामावर जाऊ शकतो का?

घरी असलेल्या मुलात लक्षणे दिसत नाहीत तोपर्यंत घरातील इतरांना गोवराच्या संपर्कात आलेले धरत नाहीत. म्हणून लसीचा पुरावा असलेले भावंड शाळेत जाऊ शकते आणि आई-वडील कामावर जाऊ शकतात. मुलाला गोवर झाल्याचे ठरले तर मात्र घरातील प्रत्येकाचा स्वतःचा पुरावा मागितला जातो आणि ज्याच्याकडे तो नसेल त्याचे २१ दिवस तेव्हापासून सुरू होतात. पालकांची खरी अडचण येथे होते, कारण मुलांची कार्डे निदान कोठेतरी असतात. १९८० च्या दशकात कोल्हापुरात किंवा परभणीत जन्मलेल्या आई-वडिलांची कार्डे कोण शोधणार? ज्यांनी ग्रीन कार्डसाठी वैद्यकीय तपासणी केली आहे त्यांच्या फॉर्मवर एमएमआरची नोंद असते. त्याची प्रत जपून ठेवावी. इतरांनी रक्ततपासणी किंवा लस, यांपैकी एक गोष्ट साथ येण्याआधीच उरकून घ्यावी.

घरात तान्हे बाळ आहे, पत्नी गरोदर आहे आणि भारतातून आई-वडील आलेले आहेत. कोणाची काळजी अधिक?

बाळाची आणि गरोदर स्त्रीची. एमएमआर ही जिवंत विषाणूंपासून केलेली लस असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे आणि पूर्वीच्या तपासण्यांत रुबेला किंवा गोवराची प्रतिकारशक्ती पाहिली होती का, हे विचारावे. ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला साथीच्या भागात आरोग्य विभागाच्या सल्ल्याने लवकरचा डोस देतात; तो पुढे मोजला जात नाही आणि वर्षानंतरचे दोन्ही डोस घ्यावेच लागतात. आजी-आजोबांच्या बाबतीत १९५७ च्या आधीचा जन्म हा प्रतिकारशक्तीचा पुरावा मानला जातो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि प्रवासी विमा कंपनीला आधी फोन करावा, कारण अनेक प्रवासी विमा योजनांत प्रतिबंधात्मक लसीचा खर्च धरलेला नसतो.

शक्य असल्यास बाळ आणि घरी ठेवलेले मूल यांच्या खोल्या वेगळ्या कराव्यात. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सहा माणसे असताना हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची आम्हाला जाणीव आहे. निदान सातव्या दिवसापासून पुढे, म्हणजे ताप येण्याची शक्यता सुरू होते तेव्हापासून, रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा आणि कणकण जाणवताच बाळाला दूर करावे.

मुलाला घराबाहेर नेता येते का?

स्वतःच्या अंगणात किंवा इतर माणसे नसतील अशा मोकळ्या जागी फिरवायला सहसा हरकत नसते. वाचनालय, पोहण्याचा तलाव, भारतीय किराणा दुकान, मंदिर, वाढदिवसाची मेजवानी, रविवारची मराठी शाळा, विमानप्रवास हे सर्व बंद. दसऱ्याच्या सुमारास सुरू झालेले क्वारंटाइन दिवाळीपर्यंत लांबते आणि मंडळाच्या कार्यक्रमात मुलीने महिनाभर बसवलेला नाच असतो. त्या वेळी ‘ती अगदी बरी आहे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मंडळाच्या सभागृहात वर्षाखालील पाच-दहा बाळे आणि दोन-तीन गरोदर स्त्रिया असतातच. आयोजकांना कारण मोकळेपणाने सांगावे. बहुतेक मंडळे मुलीच्या नाचाचे चित्रीकरण पडद्यावर दाखवण्यास तयार होतात.

अभ्यासाचे काय? २०२० प्रमाणे ऑनलाइन वर्ग असतो का?

बहुधा नसतो, आणि पालकांचा सर्वांत मोठा अपेक्षाभंग येथेच होतो. २०२० मध्ये अख्खी शाळा घरी होती, त्यामुळे शिक्षक पडद्यावर आले. गोवराच्या क्वारंटाइनमध्ये वर्ग नेहमीप्रमाणे भरतो आणि घरी असतात ती मोजकी मुले. शिक्षिका एकाच वेळी वर्गातील पंचवीस मुलांना आणि पडद्यावरील दोघांना शिकवील, अशी सोय फार थोड्या शाळा करतात. मिळतो तो कामाचा गठ्ठा, शाळेचा क्रोमबुक आणि गूगल क्लासरूममधील सूचना.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : ही अनुपस्थिती माफ धरली जाईल का, राहिलेल्या चाचण्या केव्हा होतील, आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी किंवा वाचादोष-उपचारांसाठी शाळेत मिळणारा खास तास घरून मिळेल का. नव्याने आलेल्या मुलाचे इंग्रजी तीन आठवड्यांत मागे पडते, आणि घरात दिवसभर मराठीच बोलली गेल्यामुळे ते अधिकच जाणवते. पण म्हणून घरातील मराठी थांबवण्याची गरज नाही. मात्र रोज अर्धा तास एखाद्या वर्गमित्राशी व्हिडिओवर गप्पा ठरवून द्याव्यात.

तीन आठवडे घरात मुलाला गुंतवून कसे ठेवावे?

वेळेचा फरक येथे मदतीला येतो. पूर्व किनाऱ्यावर उन्हाळी वेळ चालू असताना सकाळचे आठ वाजतात तेव्हा महाराष्ट्रात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. आजोबा फिरून आलेले असतात, आजीचा चहा झालेला असतो, आणि आई-वडिलांच्या सकाळच्या मीटिंगा नेमक्या याच वेळी असतात. सकाळी आठ ते साडेनऊ हा वेळ आजी-आजोबांना नेमून द्यावा, आणि तोही नुसत्या ‘कसा आहेस’ साठी नव्हे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासूनची मराठी पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. एक पान मुलाने वाचायचे आणि एक आजीने. गणिताचे पाढे आजोबांकडे द्यावेत. ‘बे एके बे, बे दुणे चार’ असे मराठीतून पाढे म्हणताना मूल अडखळते, पण पंधरा दिवसांत त्याला त्याची गोडी लागते.

दुपार अवघड जाते. मुलाच्या आणि पालकाच्या अशा दोन कामांच्या वेळा एकाच टेबलावर येतात आणि चिडचिड सुरू होते. दोन्ही पालक घरून काम करत असतील तर ‘आपण दोघे मिळून बघू’ असे न म्हणता दिवसाचे तुकडे पाडून कोणत्या तासाला मूल कोणाकडे, हे कागदावर लिहावे. ‘दोघे मिळून’ याचा प्रत्यक्षातील अर्थ बहुतेक घरांत आई असाच होतो, आणि ज्या घरात आईला येथे काम करण्याची परवानगी नाही त्या घरात तर हे कोणी विचारतसुद्धा नाही. तिलाही दिवसातून एक तास दार लावून बसता आले पाहिजे, किंवा एकटीने चालायला जाता आले पाहिजे.

मुलाला कारण खरे सांगावे. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या लसीचा कागद इकडच्या शाळेला समजला नाही, म्हणून थोडे दिवस थांबायचे आहे’ हे कळते. ते न सांगितल्यास मूल स्वतःच निष्कर्ष काढते, आणि तो बहुधा ‘मी घाणेरडा आहे’ किंवा ‘मी भारतातून आलो म्हणून’ असा असतो.

नोकरीतून रजा मिळते का? एच-१बी व्हिसावर असल्यास काय पाहावे?

कुटुंबाच्या आजारपणासाठी केंद्रीय कायद्याने मिळणारी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा गंभीर आजारासाठी आहे. निरोगी मुलाच्या क्वारंटाइनला ती सहसा लागू होत नाही. २०२० मध्ये शाळाबंदीसाठी जी पगारी रजा मिळत होती, तिची सक्ती त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपली. काही राज्यांचे आजारपणाच्या रजेचे कायदे मात्र अशा प्रसंगी लागू होतात. म्हणून आरोग्य विभागाचे पत्र मनुष्यबळ विभागाकडे पाठवून लेखी उत्तर मागावे.

एच-१बीवर असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या विनंतीने बिनपगारी रजा घेतल्यास नियमभंग होत नाही, पण विनंती आणि मंजुरी दोन्ही लेखी हवीत. घरून काम करायचे असल्यास आधी कंपनीला सांगावे. दुसऱ्या राज्यातील भावाकडे किंवा मैत्रिणीकडे लॅपटॉप घेऊन तीन आठवडे राहण्याचा बेत अनेकांना सुचतो, तो करू नये. एक तर मुलाला प्रवास मना आहे. शिवाय मंजूर कामाच्या ठिकाणाच्या महानगर क्षेत्राबाहेरून काम केल्यास व्हिसाच्या कागदपत्रांचा वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि तो कंपनीच्या वकिलाला विचारूनच सोडवावा.

कोणत्या मुलाला गोवर झाला, हे शाळा का सांगत नाही?

विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा तिला ते सांगू देत नाही. कृपया व्हॉट्सॲपच्या गटावर तर्क करू नयेत. आज ज्या नावाचा अंदाज बांधला जातो, ते उद्या आपल्याच घरातील असू शकते.

मुलाला ताप आला आणि पुरळ दिसते आहे. लगेच दवाखान्यात न्यावे का?

आधी फोन, मग दवाखाना. फोनवर ‘गोवराचा संपर्क झालेला आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे म्हणजे तुम्हाला गाडीतच थांबवून मागच्या दाराने किंवा वेगळ्या खोलीत घेतात. प्रतीक्षाकक्षात बसल्यास तेथील सर्वांचे २१ दिवस सुरू होतात. तीव्र ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे आधी येतात, पुरळ नंतर चेहऱ्यापासून खाली पसरते. श्वास घ्यायला त्रास होणे, मूल सुस्त होणे, झटके येणे किंवा पाणी न पिणे यांपैकी काहीही दिसल्यास ९११ ला फोन करावा आणि त्यांनाही गोवराचा संपर्क सांगावा.

भारतातून फोनवर सल्ले येतील. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवणे, मनुकांचे पाणी देणे यांनी बिघडत काही नाही. ‘गोवर नीट बाहेर पडला पाहिजे’ म्हणून ताप उतरवू न देणे किंवा मुलाला जाड पांघरुणात गुंडाळून ठेवणे मात्र धोक्याचे आहे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. जीवनसत्त्व ‘अ’ गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर ठरावीक मात्रेत देतात. ते आपल्या मनाने देऊ नये आणि रोग टाळण्यासाठी तर देऊच नये. टेक्सासच्या साथीत काही मुले या जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्याची लक्षणे घेऊन रुग्णालयात आली होती.

धार्मिक कारणाने लसीतून सूट घेतली तर हा त्रास वाचेल का?

उलट वाढेल. सूट शाळाप्रवेशापुरती असते. साथ आली की सूट घेतलेली मुलेच प्रथम घरी पाठवली जातात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मेन आणि कनेक्टिकट या राज्यांत तर अशी सूटच नाही.

उन्हाळ्यात भारतात जायचे आहे. आधी काय करावे?

६ ते ११ महिन्यांच्या बाळाला प्रवासाआधी एमएमआरचा एक डोस द्यावा. तो पुढे मोजला जाणार नाही, पण प्रवासात उपयोगी पडेल. वर्षापेक्षा मोठ्या मुलाचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने पूर्ण करता येतात, त्यासाठी पाच वर्षांचे होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. तिकीट काढताच डॉक्टरांची वेळ घ्यावी. आणि आजोळी गेल्यावर ट्रंकेतील ते जुने कार्ड सोबत घेऊन यावे.

बाविसाव्या दिवशी शाळेत जाताना काय न्यावे लागते?

लक्षणे नसतील तर बहुधा काहीच नाही. रक्ततपासणी किंवा डॉक्टरांचा दाखला सहसा मागत नाहीत. तरीही आदल्या दिवशी शाळेच्या नर्सला फोन करून परतीची तारीख तिच्या यादीत आहे ना, याची खात्री करून घ्यावी, कारण कार्यालयात ती तारीख नोंदलेली नसल्यास मुलाला दप्तर पाठीवर घेऊन दारातच थांबावे लागते. मधल्या काळात लस घेतली असेल तर नव्या फॉर्मची एक प्रत नर्सला द्यावी, एक स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी आणि एकीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा.